समोरचा बंगला, एकतीस सह्या आणि माझं शेड

आमच्या समोरचा बंगला 2013 पासून बंद होता. काकू गेल्या, तेराव्याला सगळी भावंडं जमली, चौदाव्याला फाटकाला कुलूप लागलं ते लागलंच. फाटकाच्या खांबावर "श्रमसाफल्य" अशी पाटी होती, त्यातला 'श्र' कधीतरी गळून पडला, त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या डिलिव्हरीच्या पोरांना आम्ही "मसाफल्यच्या समोर या" असंच सांगतो आणि त्यांना ते बरोबर कळतंसुद्धा.

कॉलनी म्हणजे पुण्यात कर्वे रोडच्या आतल्या अंगाला, नाव नाही सांगत, ओळखणारे ओळखतील. 1961 साली 12 जुलैला पानशेत फुटलं, त्यात पेठांमधली नदीकाठची घरं गेली, आणि मग ज्यांना जमलं त्यांनी या बाजूला येऊन सोसायट्या करून प्लॉट घेतले, त्यातलीच आमची एक. माझे सासरे सांगायचे की सुरुवातीला डेक्कनवरून परत येताना रिक्षावाले म्हणायचे "तिकडे काय आहे, रान आहे". आता डोक्यावरून मेट्रो जाते आणि आमच्या गल्लीत चौदा प्लॉटपैकी बंगले उरलेत सहा. बाकी पाडून बिल्डिंगा झाल्या, एकात कॅफे आहे, दोन ठिकाणी मुलींचे पीजी आहेत. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाहीये, कॅफेतली कॉफी बरी असते आणि पीजीतल्या पोरींमुळे रात्री गल्ली जागी राहते. त्रास होता तो बंद घराचा.

बंद घर एका दिवसात नाही बिघडत. पहिली दोन वर्षं नुसता पाचोळा. मग कोणीतरी एक गोणी टाकली, मग शेजारच्या रिडेव्हलपमेंटचा राडारोडा रात्री टेम्पोने येऊन पडला (कोणी टाकला ते सगळ्यांना माहितीये, बोलत कोणी नाही), मग उंदीर, उंदरांमागे साप, सापांमागे मुंगूस, आणि मागच्या बोळात संध्याकाळी सातनंतर बसणारी चार टाळकी, त्यांच्या क्वार्टरच्या बाटल्या आणि चकलीच्या पुड्या. भिंतीतून पिंपळ आला. पुढच्या अंगणात काकांनी हौसेने बांधलेला कमळाचा हौद होता आणि मागे जमिनीखालची पाण्याची टाकी, तिचं लोखंडी झाकण भंगारवाल्याने कधी उचललं कोणालाच कळलं नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये माझ्या सासूबाईंना डेंगी झाला. वय 81. प्लेटलेट 28 हजारावर आल्या, पाच दिवस अॅडमिट, मी रात्री त्या हॉस्पिटलच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. जो भेटेल तो पपईच्या पानांचा रस सांगत होता. घरी आलो त्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, समोर खाली बघितलं तर हौदात पाणी चकाकत होतं आणि मला एकदम संताप आला, म्हणजे दहा वर्षं रोज दिसत होतं ते त्या दिवशी दिसलं.

त्या रात्री ऑनलाइन तक्रार टाकली. फोटोसकट, नकाशावर पिन लावून. चार दिवसांनी मेसेज, तक्रारीचं निराकरण झाले आहे. काय निराकरण? काहीच नाही. परत टाकली, परत निराकरण. तिसऱ्या वेळी त्यांनी पुरावा म्हणून फोटो पण जोडला, त्यात पाठीवर पंप घेतलेला एक माणूस फवारणी करतोय आणि त्याच्यामागे जांभळ्या रंगाचं गेट. आमच्या अख्ख्या कॉलनीत जांभळं गेट नाहीये. मी आणि नवरा दोघं रविवारी सकाळी चालत ते गेट शोधायला पण गेलो होतो, खोटं नाही सांगत, सापडलं नाही.

नगरसेवकाला सांगा असं सगळे म्हणायचे. पण मार्च 2022 ला मुदत संपल्यापासून नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, आणि माजी नगरसेवकाला फोन केला की "ताई करू आपण" एवढं यायचं. मग मी स्वतःच ऑफिसात जायला लागले. मी घरून अकाउंट्सची कामं करते त्यामुळे दुपारी दोन तास काढता येतात, नोकरीवाल्यांनी हे कसं करायचं देव जाणे.

पहिल्या चार चकरा वाया. मी दोन पानी अर्ज नेला होता, विषय: बंद बंगल्यामुळे होणारा उपद्रव. तो अर्ज या टेबलवरून त्या टेबलवर फिरला, साहेब साइटवर, साहेब मीटिंगला, साहेब रजेवर. शेवटी आवक-जावकला बसणाऱ्या एक बाई, डब्यातली भेंडी खाता खाता मला म्हणाल्या, "मॅडम, बंद बंगल्याचा उपद्रव असं टेबलच नाहीये आमच्याकडे." हे वाक्य मला कोणी आधी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते. त्यांनीच मग माझ्याच अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून दिलं. पाण्याचं कीटक प्रतिबंधकला, कचरा आणि राडारोडा घनकचऱ्याला, भिंत आणि इमारतीचं बांधकाम विभागाला, पिंपळ उद्यानवाल्यांना कारण झाडाला हात लावायला 1975 च्या वृक्ष कायद्याने परवानगी लागते, आणि दारू पिणारे चौकीला. एका बंगल्याचे पाच तुकडे, पाच अर्ज, प्रत्येकाला वेगळा आवक नंबर, आणि पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. पोच म्हणजे तुमच्या झेरॉक्सवर तारखेचा शिक्का आणि सही. ती फाइल मी अजून जपून ठेवलीये, निळी प्लास्टिकची, तिच्यावर नवऱ्याने स्केचपेनने "सुनबाईचा संसार" लिहिलंय.

भिंतीच्या अर्जात कलमाचा उल्लेख करा असं माझ्या वकील भाचीने सांगितलं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949, कलम 264, पडायला आलेली बांधकामं मालकाकडून दुरुस्त करून घ्यायची किंवा काढायला लावायची. कलम लिहिल्यावर कागदाचं वजन वाढतं हे खरंय. निदान वाचणारा चष्मा तरी लावतो.

सह्या गोळा करणं हा वेगळा अनुभव. एकतीस सह्या मिळाल्या. त्यात पीजीच्या मालकाने सही करायला तीन फेऱ्या मारायला लावल्या, एका काकांनी "मृत्युपत्राशिवाय मी कुठेही सही करत नाही" म्हणून सांगितलं, आणि कर्नल काकांनी (खरेच कर्नल, रिटायर्ड) आधी माझ्या अर्जातल्या शुद्धलेखनाच्या सात चुका काढल्या आणि मग सगळ्यात वर सही केली. डिसेंबरमध्ये माहिती अधिकार पण टाकला, माझ्या तीन तक्रारी कोणत्या आधारावर बंद केल्या, फवारणी कुठे झाली याची नोंद द्या म्हणून. महाराष्ट्रात आरटीआयचा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवायचा असतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. माझ्यासारख्या बाईला दीडशे शब्द म्हणजे शिक्षाच. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं, मग फेब्रुवारीत वीस रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील.

आणि मग फेब्रुवारीतच तो प्रकार झाला ज्याबद्दल कॉलनीत अजून माझं नाव निघतं.

बांधकाम विभागाचे निरीक्षक खरंच आले. हातात टेप, बरोबर एक मुलगा. मी इतकी खूश की चहा केला. त्यांनी फाटकाबाहेरून बंगला बघितला, फोटो काढले, भिंतीला आलेला फुगवटा बघून "च्यायला" म्हणाले. मग चहाचा कप हातात धरून ते आमच्या आवारात वळले आणि आमच्या साइड मार्जिनकडे बघत राहिले. तिथे आमचं पत्र्याचं शेड होतं. सासऱ्यांनी 1988 साली घातलेलं, नऊ बाय सहा, त्यात वॉशिंग मशीन, नवऱ्याची बंद पडलेली बजाज, गणपतीची मखरं, आणि मी दर वर्षी टाकून देईन म्हणते ती लोणच्याची बरणी. "हे मंजूर नकाशात आहे का मॅडम?" मी म्हटलं, "आमचं नाही हो, समोरचं बघायचंय." ते म्हणाले, "आलोच आहे तर बघतो."

आलेच होते तर त्यांनी गल्ली बघितली. कर्नल काकांचं पार्किंगवरचं छप्पर, पीजीने टेरेसवर केलेली खोली, आणखी दोघांच्या बंद केलेल्या बाल्कन्या. पंधरा दिवसांत पाच जणांना एमआरटीपी म्हणजे नगररचनेच्या कायद्याच्या कलम 53 खाली नोटिसा, अनधिकृत बांधकाम काढून घ्या म्हणून. पाचही जणांच्या सह्या माझ्या अर्जावर. समोरच्या बंगल्याला त्या महिन्यात काहीच नाही, कारण त्यांचं बांधकाम नकाशाप्रमाणेच होतं.

ग्रुपवर जे काय झालं ते लिहीत नाही. बारा जणांनी सह्या मागे घेतल्याचं पत्र दिलं, एकतीसच्या एकोणीस झाल्या. कर्नल काका माझ्याशी दीड महिना बोलले नाहीत, फिरायला जाताना समोरून आले की फुटपाथ बदलायचे. नवरा म्हणाला शेड राहू दे, कोण बघतंय, दंड भरू. मला पण मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मी रोज ज्या माणसाकडे समोरच्यांची तक्रार घेऊन जाणार त्याने टेप लावून मोजलेलं शेड आमच्या दारात उभं, हे जमेना. एप्रिलमध्ये काढलं. पत्र्यांचे भंगारवाल्याने अकराशे दिले. बरणीतलं लोणचं निघालं, 2009 चं, काळंकुट्ट, सासूबाई म्हणाल्या "मुरलंय, ठेव".

मे महिन्यात भाचीने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 खाली अर्ज करून दिला. सार्वजनिक उपद्रव असेल तर कार्यकारी दंडाधिकारी मालकाला तो दूर करायचा सशर्त आदेश देऊ शकतात, ते हे कलम. ती मला रतलामची केस सांगायची, 1980 ची सुप्रीम कोर्टाची, तिथल्या एका वॉर्डातले लोक उघड्या गटारांना कंटाळून याच कलमाखाली गेले होते आणि नगरपालिकेने पैसे नाहीत म्हटल्यावर न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते ऐकून घेतलं नाही. मला ऐकून फार हुरूप आला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात चौकशीला गेले तर तिथले कारकून म्हणाले, कायदाच बदलला मॅडम, एक तारखेपासून नवीन आला, आता 152 झालंय, तसं लिहून आणा. आता मेमधला अर्ज जुन्या कायद्याखालीच चालायला हवा असं भाचीचं म्हणणं होतं, पण वाद घालण्यापेक्षा एक कागद परत टाइप करणं सोपं. 133 खोडून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 152. मजकूर तोच, साप तोच, हौद तोच.

पण खरं सांगायचं तर आमचं काम कुठल्या कलमाने नाही, डासाने केलं. जूनच्या शेवटी आमच्यापासून जवळच, एरंडवण्यात, झिकाचे पेशंट सापडले आणि दुसऱ्या दिवसापासून पेपरात, टीव्हीवर तेच. जो विभाग नऊ महिने मला पोच देत होता त्याची माणसं एकदम दारात. घरोघर फिरून फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालच्या ताटल्या, सगळं बघत होते. झिका आणि डेंगी दोन्हींचा डास एकच, एडिस इजिप्ती, तो घाण गटारात नाही तर साचलेल्या बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, दिवसा चावतो. पथकातला एक पोरगा, विशीचा असेल, मी त्याला समोर नेलं. कुलूप तोडायचा अधिकार त्याला नव्हता, मग आमचीच शिडी भिंतीला लावून तो हौदाशी उतरला आणि लांब दांड्याच्या पांढऱ्या डावाने पाणी काढून मला वर दाखवलं. पांढऱ्यावर ते काळे स्वल्पविराम, वळवळत वर येतात, हात लागला की तळाशी पळतात. मोजायला गेलो तर एका डावात चाळीसच्या वर. "आठ-दहा दिवसांत उडाले असते काकू," तो म्हणाला. मग त्याने पिशवीतून गप्पी मासे सोडले आणि फाटकावर नोटीस चिकटवली. कोणाच्या नावाने? "मालक/भोगवटादार". पावसाने ती संध्याकाळीच धुऊन निघाली.

25 जुलैचा पाऊस पुण्यात कोणी विसरणार नाही. सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी घुसलं, नदीकाठी हाहाकार होता. त्यामानाने आमच्याकडे काहीच नाही झालं, फक्त पहाटे पाचच्या सुमाराला एक धप्प असा ओला आवाज आला. श्रमसाफल्यची कंपाउंडची भिंत, पिंपळासकट, वीसेक फूट रस्त्यावर. खाली कॅफेतल्या मुलाची अॅक्टिव्हा चपटी. तो मुलगा रोज साडेपाचला येऊन तिथेच शटर उघडायचा.

मग मात्र सगळे आले. ग्रुपवर भांडलेले बारा पण. पंचनामा झाला, पिवळी फीत लागली, आणि अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा की मालक कोण, संपर्क काय. मी नऊ महिने "मालक परदेशात असतात" एवढंच लिहीत आले होते. कारण सगळे तेच म्हणायचे. प्रॉपर्टी कार्ड काढलं तर त्यावर जमीन सोसायटीच्या नावावर, आमच्यासारख्या जुन्या सोसायट्यांत तसंच असतं. तेव्हा सोसायटीचे माजी सेक्रेटरी, वय 88, आत गेले आणि एका बँकेची 2004 ची डायरी घेऊन आले. त्यात काकूंच्या हातचा, मुलीचा ठाण्याचा लँडलाइन नंबर. मी म्हटलं आजोबा तुम्ही आधी का नाही दिला? म्हणाले, "तू विचारलास का?"

लँडलाइन अर्थातच बंद. पण डायरीत सासरचं आडनाव आणि सोसायटी लिहिलेली होती, दोन फोनमध्ये ताई सापडल्या. मी भांडायच्या तयारीने फोन लावला होता. त्या सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "आई गेल्यापासून कॉलनीतून आलेला हा पहिला फोन आहे हो." दर वर्षी घरपट्टी त्याच भरत होत्या. एक भाऊ न्यू जर्सीला, दुसरा 2019 ला गेला, त्याची बायको सही करत नाही, कारण दर वर्षी बिल्डरचा आकडा वाढतो आणि थांबलं तर अजून वाढेल असं तिला वाटतं. तिघांच्या सह्या झाल्याशिवाय वारस म्हणून सोसायटीत नाव लागत नाही. ताईंना वाटायचं आपण एकट्याने काही केलं तर बाकीचे म्हणतील ताबा घ्यायला बघते, म्हणून त्या यायच्याच बंद झाल्या. यात दुष्ट कोण ते मी अजून शोधतेय.

त्या रविवारी आल्या. कुलूप उघडेना, ग्राइंडरने कापलं. आत भिंतीवर 2013 चं कॅलेंडर, मार्च महिना, 19 तारखेच्या चौकटीत पेनाने "गॅस" लिहिलेलं. ताई तिथेच स्टुलावर बसल्या, मी बाहेर आले.

मग काम भराभर झालं. राडारोडा सहा टेम्पो, जेसीबी बोळात जाईना म्हणून चार माणसं तीन दिवस. 38 हजार झाले, निम्मे ताईंनी दिले, निम्मे आम्ही वर्गणी काढली, आणि सगळ्यात मोठी रक्कम कर्नल काकांची. मागच्या टाकीवर स्लॅब, हौदाला भोक पाडून माती भरली, गप्पी मासे बादलीतून कॅफेवाल्याच्या कुंडात गेले. इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं, सी-2बी आली, म्हणजे पाडायची गरज नाही, दुरुस्ती हवी. भिंतीच्या जागी जाळीचं कुंपण, आरपार दिसतं, त्यामुळे बोळातली टाळकी दुसरीकडे गेली. कुठे गेली ते पण माहितीये, मागच्या गल्लीतल्या अशाच एका बंद बंगल्यात. तिथल्या एक वहिनी परवा माझी निळी फाइल बघायला घेऊन गेल्या.

किल्ली आता माझ्याकडे असते, शनिवारी झाडून घेते आणि पाणी कुठे साचलंय का बघते. तिघांच्या सह्या अजून झालेल्या नाहीत.

नोव्हेंबरमध्ये पोस्टाने पाकीट आलं. माझ्या फेब्रुवारीतल्या आरटीआय अपिलाची सुनावणी लागली होती, गुरुवारी दुपारी तीन वाजता. नवरा म्हणाला आता कशाला जातेस, झालं ना काम. गेले मी. वीस रुपयांचा स्टँप लावलाय आणि ते जांभळं गेट कुठलं ते मला अजून कळलेलं नव्हतं. साहेबांनी फोटो बघितला, शेजारच्याला दाखवला, दोघांनी मिळून फोनवर मोठा करून बघितला. त्यांनाही नाही कळलं.